आशाताईंच्या आधीच्या बाया

बाळ तीन दिवसांचं झालं की गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई घरी येतात. आधी साबणाने हात धुतात. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवतात, आकडा डोळ्यांसमोर धरून वाचतात, काखेत थर्मामीटर लावतात. मग घड्याळावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. बाळ रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबतात. हे त्यांना कुणी शिकवलं, याचा माग काढत गेलं की वाट अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला पोचते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात रमेनात. तेव्हा गावातलीच बाई निवडा, ही सूचना गावाकडूनच आली. निवडलेल्यांत कितीतरी जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या आणि त्यातूनच पुढचं शिकायच्या. एखाद्या पोराला हगवण लागली असेल, तर तोच त्या दिवशीचा धडा. जामखेडचं खरं मोठेपण मला यातच दिसतं: तिथलं शिक्षण कधी संपलंच नाही. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांनाच गाव बाळंतपणाला बोलावू लागलं.

सरकारनेही १९७७ मध्ये गावोगावी आरोग्यरक्षक नेमले. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये. पण निवड झाली ती बहुतेक पुरुषांची, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देणार? योजना हळूहळू विरली.

पुढचा दुवा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सुईणींसाठी श्वास मोजायचं एक साधं यंत्र केलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शंभरापर्यंत आकडे येत नसले तरी न्यूमोनिया ओळखता येतो, हे त्या मण्यांनी दाखवून दिलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

२००५ मध्ये गावातल्याच बाईला आरोग्य कार्यकर्ती करणारी ‘आशा’ ही सरकारी योजना आली. सुरुवातीचं प्रशिक्षण पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांचं. २०११ पासून नवजात बाळासाठीच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा, घरी जन्मलेल्याला सात. तो काटा, तो थर्मामीटर, ते एक मिनिट गडचिरोलीच्याच वाटेने आशाताईंच्या पिशवीत आलं.

आठवी शिकून चुलीशी अडकलेल्या बाईला या प्रशिक्षणाने गावात नाव दिलं, काम दिलं. काही जणी इतर आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक झाल्या. काही राज्यांनी एएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या प्रवेशात आशांना प्राधान्यही दिलं. पण बहुतेकींची वाट पहिल्याच पायरीवर थांबते, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो. इतकं शिकवायचं, इतकं करून घ्यायचं, आणि पद मात्र द्यायचं नाही!

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. सरकारी कागदावर त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. त्यांच्या हाती पडतं ते मानधन, पगार नव्हे.