तबकडी, कॅसेट आणि घरचा आवाज

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून गाण्याच्या तबकड्यांची व कॅसेटींची हकीगत मांडते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भाषेपेक्षा मजकुराकडे पाहावे.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान या नामांकित गायिकेची गाणी यंत्रावर घेतली गेली. गाणे इथले, पण तबकड्या बनत जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून पद संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगे. ज्या काळी बाईचे नाव चारचौघांत उच्चारीत नसत, त्या काळी हिचे नाव घरोघर वाजत होते, याचे मला मोठे नवल वाटते.

त्या तबकड्यांत लाख असे, आपल्या लाखेच्या बांगड्यांत असते तीच. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात आटपावा लागे. हातून पडली की खापरीसारखे तुकडे! तरीही नाटकाला जाण्याची मुभा नसलेल्या बायकांनी बालगंधर्वांची पदे घरी बसून ऐकली ती या तबकडीमुळेच.

पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली. आपल्याकडे ती घरोघर शिरली १९८० नंतर. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवीत बसायचे, हे पुष्कळजणींना आठवत असेल. पण तिचा खरा गुण निराळाच. तबकडीवर नामवंतांनी गावे. कॅसेटीवर मात्र घरातली कोणीही बाई दोन बटणे दाबून आपला आवाज ठेवू शकली.

१९८२ साली सीडी आली, मग गाणी मोबाईलमध्ये गेली. तबकडीत आवाजाची खाच असे. नव्या रीतीत आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे करतात. सीडीसाठी तो ४४,१०० वेळा मोजतात म्हणे! कॅसेटीवरून कॅसेट केली की खरखर वाढे. आकड्यांची नक्कल मात्र मुळासारखीच होते. ही सोय मोठी, नाही कसे म्हणावे?

परंतु बाजारातल्या पुष्कळशा गाण्यांचे आकडे कंपन्यांनी करून घेतले. आपल्या घरच्या कॅसेटींचे कोण करणार? माझ्या सासूबाईंनी मंगळागौरीची गाणी टेपवर घेतली होती. त्यांतली तीन-चार आता कोणालाच येत नाहीत. टेपरेकॉर्डर भंगारात गेला आणि कॅसेट ट्रंकेत राहिली. अशा ट्रंका आपल्या आळीत आणखीही असतील.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे अजून चालू टेप आहे, त्यांचा मुलगा आवाज मोबाईलमध्ये उतरवून देतो. तेव्हा जिच्याकडे कॅसेट असेल तिने ती आणावी, वर गाणारणीचे नाव लिहावे. पावसाळ्याने फितीवर बुरशी धरली असेल तर मात्र आधी लावून पाहू नये. फीत तुटते आणि टेपही बिघडतो. तशीच कोरड्या फडक्यात गुंडाळून आणावी.