वानखेडेवर, आठ वाजायच्या आत

२६ नोव्हेंबर २०२३, संध्याकाळ
आयपीएलचे संघ राखलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर करतात. गुजरात टायटन्सच्या यादीत हार्दिक पंड्या आहे. पण सौदा ठरलेला असतो : हार्दिक मुंबई इंडियन्सकडे, १५ कोटी रोख. तेवढे पैसे मोकळे करायला मुंबई कॅमेरॉन ग्रीनला १७.५ कोटींत बंगळुरूला देऊन टाकते. ग्रीन २४ वर्षांचा. सहाच महिन्यांपूर्वी, २१ मेला, त्याने याच वानखेडेवर ४७ चेंडूंत शतक ठोकलं होतं.

हिशेब उघड होता. मुंबईकडे २०२० नंतर चषक आलेला नव्हता आणि हार्दिकने गुजरातला पहिल्याच मोसमात तो जिंकून दिलेला. उद्याचा अष्टपैलू द्यायचा, आजचा विजेता कर्णधार घ्यायचा.

१५ डिसेंबर
पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक कर्णधार.

१ एप्रिल २०२४, संध्याकाळी ७:००
अहमदाबाद आणि हैदराबादला दोन पराभव झालेत. आता घरचं मैदान, समोर राजस्थान रॉयल्स. नाणेफेकीला हार्दिकचं नाव उच्चारताच वानखेडे हुर्यो उडवतं. समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना समज द्यावी लागते. मुंबईच्या कर्णधाराची मुंबईतच अशी हुर्यो उडावी, हे मला आजही लागतं. खेळाडूचा त्यात काय दोष? सौदा दोन्ही संघांच्या मालकांनी केला होता.

७:३०
चेंडू राजस्थानच्या ट्रेंट बोल्टच्या हातात. २०२० च्या अंतिम सामन्यात मुंबईला जिंकून देणारा हाच बोल्ट. पुढच्या मोठ्या लिलावात तो मुंबईच्या हातून निसटला. पहिल्या षटकाच्या पाचव्या चेंडूवर रोहित गेला, सहाव्यावर नमन धीर. बोल्टच्या पुढच्या षटकात ब्रेव्हिस. तिघेही आपापल्या पहिल्याच चेंडूवर, शून्यावर.

८:०० च्या आत
ईशान किशनही बाद. ४ बाद २०.

९:०० नंतर
हार्दिक ३४, तिलक वर्मा ३२, बाकी पडझड. राजस्थानच्या चहलचे ११ धावांत ३ बळी. २० षटकांत ९ बाद १२५.

रात्री ११:०० च्या आत
राजस्थानचा पाठलाग संपवतो रियान पराग, ३९ चेंडूंत नाबाद ५४. वय २२. सतराव्या वर्षापासून तो या संघात. २०२३ मध्ये सात सामन्यांत मिळून ७८ धावा. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टवाळी झाली होती. तरी राजस्थानने त्याला सोडलं नाही. २०२४ च्या मोसमात परागने ५७३ धावा केल्या. मला वाटतं, त्या रात्रीचा खरा निकाल धावफलकावर नव्हता. एका संघाने पोर सांभाळलं होतं, दुसऱ्याने विकलं होतं.

१७ मे
लखनौकडून शेवटचा पराभव. १४ पैकी ४ विजय, मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर. त्याच हार्दिकने २९ जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं अखेरचं षटक टाकून भारताला जिंकून दिलं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर असा सौदा दरवर्षीचा. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांच्या पिचर डॉयल अलेक्झांडरसाठी २० वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने त्या मोसमात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला गट जिंकला. मग प्लेऑफमध्ये तो दोन्ही सामने हरला आणि डेट्रॉइट बाहेर पडलं. स्मोल्ट्झ पुढे २१३ सामने जिंकून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आपल्याकडे नांदेड-लातूरला उन्हाळी चषक स्पर्धा लागल्या की मोठ्या बक्षिसासाठी बाहेरगावचे खेळाडू आणले जातात. वर्षभर सराव केलेली गल्लीतली पोरं सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसतात. मंडळांच्या अध्यक्षांना आणि प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : यंदा सतरा-अठरा वर्षांची दोन पोरं पहिल्या अकरात घ्या, आणि ती सलग तीनदा शून्यावर बाद झाली तरी चौथ्या सामन्यात त्यांनाच खेळवा.