दिलासा रक्कम: हायवेच्या निवाड्यातून गायब झालेल्या एका रकान्याची गोष्ट

आमच्या भागात अशी घरं आहेत की एका भावाची जमीन पाझर तलावात गेली आणि दुसऱ्याची राष्ट्रीय महामार्गात. दोन्ही सरकारनेच घेतल्या. दोघांनाही नोटीस आली, मोजणी झाली, प्रांत ऑफिसला हेलपाटे झाले. पण तलाववाल्याच्या निवाड्यात एक रकाना होता, जो हायवेवाल्याच्या निवाड्यात नव्हता. दिलासा रक्कम, ३० टक्के. हायवेवाला भाऊ आजही समजतो की साहेबाने मुद्दाम कमी दिले. यात साहेबाचा हात नव्हता. १९९७ साली संसदेनेच तो रकाना काढून टाकला होता.

आज त्या रकान्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची जमीन रस्त्यात गेलीय किंवा जाणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी 'दिलासा' कशाचा ते बघू. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची किंमत बाजारभावाने द्यायची असं होतं. बाजारभाव म्हणजे विकणारा राजीखुशीने विकतोय आणि घेणारा राजीखुशीने घेतोय, तेव्हा ठरणारा भाव. पण इथे शेतकरी विकायला निघालेलाच नसतो. त्याला नाही म्हणायची सोयच नाही. म्हणून इंग्रजांनीच कायद्यात तरतूद केली की हे संपादन सक्तीचं आहे, सबब बाजारभावावर आणखी १५ टक्के द्यावेत. ही काही मेहेरबानी नव्हती. आपण जबरदस्ती करतोय याची ती कायद्यात लिहिलेली कबुली होती. साम्राज्य चालवणाऱ्यांनी दिलेली कबुली स्वतंत्र भारताच्या संसदेने पुढे मागे घेतली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात विचित्र वळण वाटतं.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. कंपनी सरकारचा पहिला कायदा १८२४ चा, बंगालपुरता. मुंबईत १८३९ साली मुंबई आणि कुलाबा बेटांवरचे रस्ते रुंद करण्यासाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे आपल्याकडच्या भूसंपादनाची सुरुवात धरणाने किंवा कारखान्याने नाही, रस्त्याने झाली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा आला तो १८५७ साली. त्यात किमतीवर वाद झाला तर तो लवादाकडे जायचा आणि लवादाचा शब्द अखेरचा. अपील नाही. तेरा वर्षांत सरकारच्याच लक्षात आलं की हे लवाद नीट काम करत नाहीत, काही तर भ्रष्टही निघतात. म्हणून १८७० च्या कायद्यात लवाद काढून किमतीचा वाद दिवाणी कोर्टाकडे सोपवला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरला पाहिजे म्हणून चाळी-घरं पाडून रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. आज त्यांची नावं शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहेत. त्या रस्त्यांवरून जाताना खाली कुणाचं घर होतं हे कुणाला आठवत नाही, आणि आठवायचं कारणही उरलेलं नाही. रस्त्याचं हेच असतं. धरणग्रस्तांची चळवळ होते, गावाचं नाव टिकतं. मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याला शंभर वर्षं झाली तरी लोक बोलतात. रस्त्यात मात्र प्रत्येकाची पट्टी-पट्टी जाते. कुणाचे दहा गुंठे, कुणाचे तीस. गाव जागेवर राहतं, त्यामुळे गाव एकत्र येत नाही.

आता १८९४ च्या कायद्यातली खरी मेख. किंमत धरायची ती कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवसाची. प्रकल्पामुळे जमिनीचा जो भाव वाढेल तो मोजायचा नाही. म्हणजे रस्ता आल्यावर शेजाऱ्याच्या उरलेल्या रानाला सोन्याचा भाव येतो, तिथे ढाबा निघतो, पेट्रोल पंप निघतो. ज्याच्या रानातून रस्ता गेला त्याला रस्ता नव्हता तेव्हाचा भाव. शिवाय भाव ठरतो आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवायची पिढ्यानपिढ्यांची सवय. स्टॅम्प ड्युटी वाचवायला एकाने दाखवलेली खोटी किंमत दहा वर्षांनी सगळ्या शिवाराच्या बोकांडी बसते. निवाडा वाचून संतापलेल्या कितीतरी लोकांना मी हे समजावलंय आणि दर वेळी समोरचा माणूस गप्प होतो. कारण त्यातलं एखादं खत त्याच्याच घरातलं असतं.

दुसरी मेख सहीची. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ खाली कोर्टात जाता यायचं. पण पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहिलं नाही, तर तो हक्क गेला. चेक हातात घेऊन घाईत अंगठा उठवलेल्या किती जणांचे लाखो रुपये त्या दोन शब्दांपायी बुडाले असतील! शिकलेल्या भावाने लिहिलं, अडाण्याने नाही लिहिलं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन भाव.

१९८४ ला इंदिरा गांधींच्या काळात या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १५ चे ३० टक्के झाले. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या काळासाठी बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वाढीव रक्कम आली. कोर्टाने वाढवून दिलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याज. दोन वर्षांत निवाडा नाही केला तर संपादनच रद्द. आणि कलम २८-अ आलं: त्याच अधिसूचनेतल्या एकाला कोर्टाने वाढवून दिलं, तर कोर्टात न गेलेल्यांनीही तीन महिन्यांत अर्ज करून तेवढंच मागावं. अंगठेवाल्या भावासाठी दार थोडं उघडलं. जुना कायदा वाईटच होता, पण नव्वद वर्षं कोर्टात घासून घासून त्याला थोडी माणुसकी आली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी सरकारला चौपदरी रस्त्यांची घाई झाली.

१९९७ साली १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात भूसंपादनाची स्वतंत्र कलमं घातली, ३-अ पासून ३-जे पर्यंत. कारण सांगितलं विलंबाचं. ते अगदी खोटं नव्हतं, जुन्या कायद्याखाली प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळायची. पुढच्या काही वर्षांत सुवर्ण चतुष्कोनाचं काम सुरू झालं. आपल्याकडे पुणे–सातारा–कोल्हापूर–कागल आणि मुंबई–सुरत हे त्यातले पट्टे. रस्ते चांगले झाले, मीही त्यावरूनच फिरतो, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

पण कायद्यात काय झालं ते बघा. हरकतीला २१ दिवस. ३-डी ची अधिसूचना निघाली की जमीन त्याच क्षणी केंद्र सरकारची, किंमत अजून ठरलेली नसली तरी. ताबा पैसे जमा झाल्यावर घ्यायचा, पण मालकी आधीच गेलेली. किंमत ठरवणार सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपले प्रांत. ती मान्य नसेल तर जायचं लवादाकडे, आणि लवाद नेमणार केंद्र सरकार, ज्याला जमीन हवी आहे तेच. १८७० साली इंग्रजांनी नालायक ठरवून टाकून दिलेली पद्धत सव्वाशे वर्षांनी परत आली! आणि शेवटचं कलम ३-जे: १८९४ च्या कायद्यातलं काहीही या संपादनाला लागू नाही. या एका ओळीत दिलासा रक्कम गेली, व्याज गेलं, २८-अ गेलं.

उदाहरणादाखल हिशोब करू. एकराला दोन लाख बाजारभाव धरला, तर तलावात गेलेल्याला दिलाशाचे ६०,००० वर मिळणार, शिवाय १२ टक्केवाली रक्कम. हायवेवाल्याला दोन लाखांवर पूर्णविराम.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी की या प्रश्नाचा निकाल आधीच लागला होता, आणि तो आपल्या नागपूरच्या प्रकरणात. नागपूर सुधार प्रन्यासाच्या कायद्यात अशीच व्यवस्था होती. प्रन्याससाठी जमीन घेतली तर १५ टक्के नाहीत, इतर कारणासाठी घेतली तर आहेत. एक जमीनधारक हायकोर्टात गेला आणि जिंकला. अपिलात १९७२ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की जमीन कुठल्या कायद्याने घेतली याने मालकाला काय फरक पडतो? सरकारने सोयीचा कायदा निवडायचा आणि एकाला जास्त, दुसऱ्याला कमी द्यायचं, हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. सात न्यायमूर्तींचा निकाल पंचवीस वर्षं पुस्तकात होता. तरी १९९७ चा कायदा झाला.

मग पुन्हा कोर्ट. पंजाब-हरियाणातले शेतकरी लढत राहिले. १९ सप्टेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नागपूरच्याच निकालाचा आधार घेत ३-जे ची ती बाजू घटनाबाह्य ठरवली. महामार्गात जमीन गेलेल्यांनाही दिलासा रक्कम आणि व्याज द्या. महामार्ग प्राधिकरणाने पुढे अर्ज केला की हा निकाल यापुढच्याच प्रकरणांना लावावा, मागच्यांना नको. ४ फेब्रुवारी २०२५ ला तोही फेटाळला गेला.

दरम्यान २०१३ चा नवा कायदा आला होता, १ जानेवारी २०१४ पासून लागू. दिलासा थेट १०० टक्के, आणि ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक. त्यातले मोबदल्याचे नियम राष्ट्रीय महामार्गांना १ जानेवारी २०१५ पासून लागले. म्हणूनच समृद्धीला जिथे थेट खरेदी झाली तिथे पाचपट ऐकू आलं. दोनाचा गुणक, त्यावर १०० टक्के दिलासा म्हणजे चौपट, आणि राजीखुशीने दिल्याबद्दल आणखी २५ टक्के. जमीन एकत्रीकरणाच्या पहिल्या योजनेला ज्या गावांनी पिटाळून लावलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी मग खरेदीखतं करून दिली. शेतकरी विकासाच्या आड येतो म्हणणाऱ्यांनी हे बघावं. मात्र शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर-सांगलीकडे जो विरोध झाला, तो पैशाने मिटणारा दिसला नाही. बागायती पट्ट्यात बदल्यात तशी जमीन कुठे मिळणार? आणि नव्या कायद्यातली ७०-८० टक्के संमतीची अट सरकारच्या स्वतःच्या रस्त्यांना नाहीच. दर वाढला, सक्ती तशीच आहे.

तेव्हा कामाचं सांगतो. १९९७ ते २०१४ या काळात राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली असेल तर निवाड्याची नक्कल काढा. दिलासा रक्कम आणि व्याज दिलंय का ते बघा. नसेल, आणि विशेषतः लवादाकडे किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल, तर वरच्या दोन तारखांचे निकाल वकिलासमोर ठेवा. प्रत्येक प्रकरणाच्या मुदती वेगळ्या असतात, म्हणून चावडीवरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

ज्यांच्याकडे निवाडाच नाही, त्यांच्यासाठी हिमाचलचं एक प्रकरण. हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली सरकारने एका विधवा बाईंची जमीन रस्त्यासाठी घेतली. नोटीस नाही, निवाडा नाही, पैसा नाही. बाई अक्षरशत्रू. २०१० साली त्या हायकोर्टात गेल्या. सरकारने उत्तर काय द्यावं? बेचाळीस वर्षं जमीन आमच्या कब्जात आहे, सबब प्रतिकूल कब्जाने ती आमचीच झाली. ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने हे धुडकावलं. सरकारने नागरिकाच्याच जमिनीवर असा हक्क सांगता येत नाही, आठ आठवड्यांत मोबदला द्या असा आदेश दिला. बाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या.

आपल्याकडेही असे रस्ते आहेत. बांधकाम खात्याने कधीतरी रुंद केलेले, वरून एसटी जाते आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. तुमच्या गटातून असा रस्ता जात असेल तर आधी मोजणीला अर्ज टाका. रस्त्याखाली नेमके किती गुंठे आहेत, ते कागदावर येऊ द्या.