एकोणिसावा

गेले आठ-दहा दिवस आमच्या नागापुरात थंडी चांगलीच पडली आहे. कानटोपी घालून, शाल गुंडाळून सकाळी सीनेच्या बाजूला एक फेरी मारतो. सत्तरी ओलांडल्यावर तेवढेच जमते. परवा धुक्यातून चार-पाच पोरे कच्च्या रस्त्याने पळत आली. भरतीची तयारी चालली असावी. एकाने बूट हातात धरले होते आणि तो अनवाणीच पळत होता. मी विचारले तर म्हणाला, "दवाने भिजतात, आजोबा. भरतीपर्यंत टिकायला पाहिजेत!"

मला माझी एक जुनी चूक आठवली. साल १९८६, महिना डिसेंबर. शाळेची माळावरून पळण्याची शर्यत होती आणि पोरांना रांगेत उभे करण्याचे काम माझ्याकडे होते. एक मुलगा अनवाणी आला. मी त्याला बाजूला काढले. "एवढ्या थंडीत, काट्याकुट्यांतून? बूट नसतील तर पळायचे नाही." काळजीपोटीच बोललो, असे तेव्हा मला वाटले. तो काही बोलला नाही. शर्यत संपेपर्यंत इतरांचे स्वेटर सांभाळत उभा राहिला.

पुढे काही वर्षांनी, भारत ऑलिंपिकमध्ये कसा गेला याची हकीकत वाचनात आली. मी इतिहासाचा शिक्षक, पण ती मला ठाऊक नव्हती.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष तेव्हा सर दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या स्पर्धांत १९१९ च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांची पोरे पळताना पाहिली. त्यांना ना नियम माहीत, ना शास्त्रशुद्ध सराव, ना धड खुराक. मोठ्या अंतराच्या शर्यतीत ती खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावली. पहिल्या काही जणांची वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंशी तुलना करण्यासारखी निघाली. दोराबजींनी मनावर घेतले, मुंबईच्या गव्हर्नरांशी बोलणे केले, खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ रवाना झाला. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

२२ ऑगस्ट १९२०. महिना ऑगस्टचा, पण बेल्जियममधला तो दिवस गारठ्याचा आणि पावसाचा होता. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्तच. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत वाढलेली ही माणसे त्या गार पावसात धावली. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले. क्रमांक एकोणिसावा. ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले भारतीय.

त्या संघाला पदक मिळाले नाही. पण वाट पडली. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव आपल्याला ठाऊक असतात, ते योग्यच आहे. पण त्यांच्याआधी बत्तीस वर्षे पावसात एकोणिसावे आलेले चौगुले किती जणांना ठाऊक आहेत? मी तीस-पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. वर्गात त्यांचे नाव एकदाही घेतले नाही.

विचार करतो तेव्हा वाटते, अनवाणी पाय दोराबजींनाही दिसलेच होते की! त्यांनी आधी पोरांना पळू दिले, वेळ मोजली आणि मग पुढची सोय पाहिली. मी उलटे केले. सोय नाही म्हणून पळूच दिले नाही. घरात माझे स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट पडलेले होते, तेही सुचले नाही.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. मला विसरलाही असेल. त्या दिवशी तो कितवा आला असता, हे आता कोणालाच कळणार नाही. चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक निदान कुठेतरी लिहून ठेवलेला आहे.

असो. उद्या तो बूटवाला पोरगा दिसला, तर त्याला थांबवून ही गोष्ट सांगावी म्हणतो. किंवा नको. पळू द्यावे.