नोंदणी, हिशेब आणि विसर्जन : कंपनी कायद्याच्या इतिहासाचा बोध

संस्था काढणे सोपे, चालविणे कठीण आणि ती रीतसर बंद करणे त्याहूनही कठीण. आपल्या ज्ञातीतील तरुण नोकरीच्या मागे न लागता कंपन्या स्थापू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सरकारदफ्तरी प्रतिवर्षी हिशेब का द्यावा लागतो, हे त्यामागचा इतिहास पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

इंग्लंडात १८४४ साली, ग्लॅडस्टन हे व्यापारमंडळाचे अध्यक्ष असताना, कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. बनावट कंपन्या लोकांस बुडवीत असत. कंपनीचे चालक कोण, हे सर्वांस कळावे म्हणून निबंधकाचे दफ्तर उघडण्यात आले. १८५५ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान भागाच्या रकमेपुरतेच. त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही.

हिंदुस्थानात नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला. १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीची सवलत आली आणि १८६० मध्ये ती पेढ्यांनाही लाभली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि नवनव्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा माजला. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच अनेक श्रीमंत रस्त्यावर आले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही १८६८ साली गुंडाळावी लागली. दरम्यान १८६६ साली कंपन्यांची स्थापना, नियमन व समापन यांविषयीचा कायदा एकत्र करण्यात आला होता.

या इतिहासाचे सार एवढेच की, मर्यादित जबाबदारी हे फुकटचे दान नव्हे. तो एक करार आहे. समाजाने कंपनीस संरक्षण द्यावे आणि कंपनीने आपला ताळेबंद समाजापुढे उघडा ठेवावा. विवरणपत्र चुकविणारा हा करारच मोडतो.

समापन आणि नाव कमी होणे यांत मोठा भेद आहे. समापनात मालमत्ता विकून देणी फेडतात व उरलेले भागधारकांस वाटतात. शाळेत सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाचे नाव जसे पटावरून कमी होते, तसे निपचित पडलेल्या कंपनीचे नाव निबंधक नोटीस देऊन काढून टाकतो. १९५६ च्या कायद्यात हा अधिकार कलम ५६० मध्ये होता. २०१३ च्या कायद्यात तो कलम २४८ मध्ये आहे. २०१७ साली दोन लक्षांहून अधिक कंपन्यांची नावे अशी निघाली आणि त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आले. नाव गेले तरी संचालकांची जबाबदारी सुटत नाही. लागोपाठ तीन वर्षे ताळेबंद वा विवरणपत्र न देणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षे संचालकपदास अपात्र ठरतात. म्हणून धंदा थांबला असेल तर देणी फेडून स्वतः अर्ज करावा. स्वस्थ बसू नये.

हा बोध केवळ व्यापाऱ्यांसाठी नाही. आपल्या कित्येक ज्ञातिसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी द्यावी, असे पहिला कायदा सांगतो. विश्वस्त बदलले तर तो बदल कळवावा, हिशेब तपासून घ्यावेत, असे दुसरा सांगतो. दिवंगत विश्वस्तांचीच नावे दफ्तरी राहिली, तर वसतिगृहाच्या जागेचा व्यवहार किंवा शिष्यवृत्तीच्या ठेवीचे नूतनीकरण करावयाचे कोणी? ज्या गरीब विद्यार्थ्यासाठी पूर्वजांनी पै-पैसा जमविला, तोच दाराशी ताटकळतो.

देणगी देणारे हात समाजात पुष्कळ आहेत. कागद वेळेवर पोहोचविणारे हातही तितकेच पुण्यवान होत. प्रत्येक संस्थेने हे काम एका जाणत्या तरुणाकडे सोपवावे, अशी ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.