पापदमन (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यानंतरही माणसात उरणाऱ्या पापप्रवृत्तीशी विश्वासणाऱ्याने आयुष्यभर द्यावयाचा लढा. तारण कृपेनेच होते, हे बहुतेक पंथ मानतात. पुढच्या लढ्यात माणसाचा वाटा किती, हा वाद मात्र सोळाशे वर्षे चालू आहे.

पौलाच्या रोमकरांस पत्रातील 8:13 हे या विचाराचे मुख्य आधारवचन. देहाची कर्मे मारण्याचे काम तेथे विश्वासणाऱ्यांवरच टाकले आहे, पण ते त्यांनी आत्म्याच्या योगे करायचे आहे. यातले एक अंग सुटले की वाद उभा राहतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस या तपस्व्याने सांगितले की देव अशक्य आज्ञा देत नाही. माणसाने मनावर घेतले तर तो पाप टाळू शकतो. बिशप ऑगस्टीनचे उत्तर असे की मुळात ते मनच बिघडलेले आहे, कृपेवाचून ते चांगल्याकडे वळत नाही. कार्थेज (418) व इफिस (431) येथील धर्मसभांनी पेलागियसचे मत धिक्कारले. तरी त्याला निव्वळ पाखंडी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. रोममधील ख्रिस्ती लोकांचा नैतिक ढिलेपणा त्याला खुपत होता आणि ती तक्रार खोटी नव्हती.

कॅथलिक परंपरेत या जबाबदारीला संस्काराची चौकट मिळाली. चौथ्या लॅटरन धर्मसभेने (1215) वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. गोव्याचे कॅथलिक त्याला कुमसार म्हणतात.

प्रॉटेस्टंटांमध्ये या विषयाची सर्वांत कसून चिकित्सा इंग्लिश प्युरिटन जॉन ओवेन (1616–83) याने केली. ऑक्सफर्डमधील प्रवचनांतून तयार झालेला त्याचा याविषयीचा ग्रंथ 1656 मध्ये निघाला. वाईट सवय सुटली म्हणजे पाप मेले, हे त्याला मान्य नाही. ते नुसते रूप पालटते. व्यसन सुटून त्याजागी अहंकार आला तर साधले काय? जे पाप छळते तेवढ्याशीच झगडून बाकीची पोसणाऱ्याला पापाचा नव्हे, त्रासाचा तिटकारा असतो, हे त्याचे निदान फार मार्मिक आहे. आत्म्यावाचून केलेले दमन त्याच्या मते स्वधार्मिकतेकडे नेते.

इंग्लंडमधील केसविक येथे 1875 पासून भरणाऱ्या मेळाव्यांनी वेगळा सूर लावला : धडपड थांबवा, स्वतःला पूर्ण समर्पित करा, विजय ख्रिस्त देईल. अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. रायल याने 1877 मध्ये पावित्र्यावर पुस्तक लिहून याला हरकत घेतली. नव्या करारात धावणे, झुंजणे, जागे राहणे अशा आज्ञा पानोपानी आहेत. त्या पाहता रायलची बाजू अधिक भक्कम वाटते.

केसविकच्या याच मेळाव्याला पंडिता रमाबाई 1898 मध्ये गेल्या होत्या. पुढे 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धर्मजागृती झाली. त्या वेळी तेथील मुलींनी रडत, उघडपणे आपापली पापे कबूल केली.