राख, घरगुती शेगडीची : साफसफाई व विल्हेवाट

लाकूड, गोवऱ्या, शेतातला काडीकचरा किंवा तो दाबून केलेले पेलेट जळून गेल्यावर मागे राहणारा खनिज अंश म्हणजे राख. चुलींचा अभ्यास करणारे सहसा ज्वालेकडे पाहतात : इंधन किती वाचले, धूर किती घटला, पाणी किती मिनिटांत उकळले. या नोंदीत चुलीची परीक्षा राखेवरून केली आहे. राख काढणे हे स्वयंपाकानंतर उरकायचे किरकोळ काम समजले जाते. प्रत्यक्षात सुधारित चुली आणि पेलेट शेगड्या घरात टिकल्या की अडगळीत गेल्या, याचे बरेचसे उत्तर या कामात सापडते. राख कोण काढणार, किती वेळाने काढणार आणि कुठे टाकणार, हे ज्या शेगडीच्या रचनेत ठरलेले नसते ती प्रयोगशाळेत कितीही उजवी ठरली तरी घरात लवकर मागे पडते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव या विषयात दोन कारणांनी येते. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर येथे पाणलोटाची कामे झाली आणि त्यांच्या जोडीने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली. कुऱ्हाडबंदीचा थेट परिणाम चुलीवर होतो, कारण झाड तोडायचे नाही म्हटल्यावर सरपण कुठून आणायचे हा प्रश्न त्याच संध्याकाळी घरात उभा राहतो. गावाने शोधलेल्या उत्तरांत शेणाचे आणि शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र होते. बायोगॅसला राख नसते. त्याची मळी निघते आणि ती शेतात जाते. उरलेल्या अंशाला आधीच जागा नेमून दिलेली असल्यामुळे त्याची अडचण वाटत नाही. चुलीच्या राखेला आपल्याकडे अशी नेमलेली जागा क्वचितच असते. दुसरे कारण साधे आहे. अवर्षणग्रस्त पारनेरसारख्या भागात सरपण म्हणजे बहुधा तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या. या इंधनांच्या राखेची गणिते पाश्चात्त्य शेगड्यांच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत.

तिथली गणिते अशी. घर गरम ठेवणारी पेलेट शेगडी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या वायव्य भागात बाजारात आली आणि पुढे युरोपात रुळली. तिच्यात जाळायचे पेलेट लाकडाच्या भुशाचे असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वांत वरच्या प्रतीच्या लाकडी पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्याहून जास्त चालत नाही आणि घरगुती वापराच्या तिसऱ्या प्रतीतही ती २ टक्क्यांच्या आत असावी लागते. आपल्याकडचे पेलेट भुईमुगाची टरफले, उसाचा बगॅस, सोयाबीनचा भुसा किंवा पऱ्हाट्या यांचे असतात. त्यांतली राख बहुधा ३ ते १० टक्के भरते, भाताच्या तुसाची १५ ते २० टक्के, आणि गोवरीची त्याहूनही जास्त भरू शकते, कारण शेणासोबत माती येतेच. पऱ्हाट्या उपटताना मुळाला चिकटलेली मातीही शेवटी शेगडीतच उतरते. एका भरणीला ६०० ग्रॅम पेलेट लागतात आणि त्यांत ६ टक्के राख आहे असे धरले, तर प्रत्येक भरणीमागे ३६ ग्रॅम राख उरते. दिवसाला दोन भरण्या झाल्या तर महिन्याला दोन किलोंहून थोडी जास्त. तेवढ्याच वजनाच्या उत्तम लाकडी पेलेटमागे महिन्याला पाव किलो उरेल. म्हणून ‘आठवड्यातून एकदा राखेचा डबा रिकामा करा’ ही परदेशी सूचना इथे जशीच्या तशी देणे चुकीचे आहे. साफसफाईचे वेळापत्रक दिनदर्शिका पाहून ठरत नाही, इंधनातल्या राखेवरून ठरते. शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटसाठी त्याचे उत्तर एकच निघते : प्रत्येक भरणीआधी.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात पेलेट शेगडी खरोखर आली ती ‘ऊर्जा’ या नावाने. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने विकसित केलेली ही शेगडी २००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बाजारात आणली. २००९ मध्ये तो व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आजूबाजूच्या राज्यांत मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. तिच्यात पेलेट वरून पेटवतात. बॅटरीवरचा छोटा पंखा खालून थोडी हवा देतो, तिच्यामुळे इंधनातून ज्वलनशील वायू निघतो, आणि कडेच्या भोकांतून येणारी उरलेली हवा तो वायू वरच्या वर जाळते. ज्वाला निळसर आणि जवळजवळ बिनधुराची असते. मात्र ही सगळी करामत हवेच्या दोन वाटा मोकळ्या असण्यावर उभी आहे. तळाच्या जाळीत राख साचली की खालची हवा तुटते, वायू कमी निघतो आणि शेगडी धुरकट होते. वरची भोके काजळीने भरली की निघालेला वायू न जळताच बाहेर पडतो. पंख्याचा वेग वाढवून हे सुटेल असे वाटते, पण त्याने उष्णता वाढते आणि नवा त्रास सुरू होतो. काडीकचऱ्याच्या राखेत वाळूचा अंश (सिलिका) आणि पोटॅश दोन्ही असतात. पोटॅशमुळे सिलिका एरवीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते आणि थंड होताना काचेसारखे कडक खडे बनून जाळीला चिकटते. हे खडे दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने खरवडले तर निघतात. महिनाभर राहू दिले तर छिन्नीने फोडावे लागतात आणि त्यात आतले चिनी मातीचे अस्तर तडकते. म्हणजे रोजची दोन मिनिटे चुकवण्याची किंमत शेगडीचे आयुष्य कमी करून मोजावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की ‘ऊर्जा’ शेगडी राखेमुळे मागे पडली नाही, पेलेट महाग झाल्यामुळे पडली. तो खरा आहे. बगॅस आणि शेतकचऱ्याला कारखान्यांच्या बॉयलरची मागणी वाढली, पेलेटचे भाव चढले आणि घरगुती ग्राहक गळाले. पण किंमत आणि राख हे दोन वेगळे प्रश्न मानता येत नाहीत. पेलेट महाग झाले की ग्राहक स्वस्त माल शोधतो किंवा शेगडीत हाताशी येईल ते कोंबतो, आणि स्वस्त माल म्हणजे बहुधा मातीमिश्रित, जास्त राखेचा माल. दुसरा पुरावा पेलेटच्या बाहेरचा आहे आणि तो अधिक बोलका आहे. १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या फार थोड्या पुढे वापरात राहिल्या. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये चार वर्षे चाललेल्या हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांच्या अभ्यासात धुराड्याच्या सुधारित चुलीने पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर घटवला, पण पुढे तो फायदा दिसेनासा झाला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्तीकडे आणि देखभालीकडे लक्ष दिले गेले नाही, लोक जुन्या चुलीकडे वळले. चुलीचे तंत्र पहिल्या दिवशी जेवढे चांगले होते तेवढेच चौथ्या वर्षीही होते. फरक पडला तो मधल्या देखभालीत.

या निष्कर्षातून बायकांच्या आळसाचा दाखला काढणारे लोक असतात, आणि ते पूर्ण चुकतात. मराठी घरातली मातीची चूल रोज साफ होत असे. पहाटे राख उपसायची, चुलीवर पोतेरे फिरवायचे, मगच विस्तव घालायचा, हा क्रम घराघरात इतका पक्का होता की तो वेगळा शिकवावा लागत नसे. मातीच्या चुलीचे तोंड रुंद असते, हात आत जातो, तडा गेला तर शेणामातीचा लेप बसतो. सुधारित चुलीने हे काम वाढवले आणि अवघड केले. वैलाखालच्या अरुंद नळीत हात जात नाही, धुराडे साफ करायचे तर पत्र्यावर चढावे लागते, आणि बसवणारा माणूस त्यासाठीचा ब्रश देऊन गेलेला नसतो. रोजच्या सवयीत न बसणारे काम हळूहळू कोणाचेच राहत नाही. शेगडी विकत घेताना म्हणूनच तीन गोष्टी आधी पाहाव्यात : जाळी हाताने उचलून बाहेर येते का, राखेचा कप्पा विस्तव न हलवता ओढता येतो का, आणि हवेची भोके बाहेरून दिसतात का. पाणी तापवायच्या बंबात या तिन्ही गोष्टी पूर्वीपासून आहेत. मधल्या नळीत सरपण, खाली जाळी, जाळीखाली राखेला मोकळी जागा. बंब गॅस आलेल्या घरातही टिकून राहिला, त्यात या सोयीचा वाटा असावा.

आता घराबाहेरचा अर्धा भाग. ज्वाला विझली म्हणजे शेगडी विझली असे होत नाही. वरून पेटवलेल्या पेलेट शेगडीत वायू जळून संपला की आत लालबुंद कोळसा उरतो, आणि त्या वेळी शेगडी उपडी केली तर बाहेर पडतो तो निखारा. राख उष्णता धरून ठेवते आणि हवा अगदी जेमतेम आत सोडते. त्यामुळे तिच्याखालचा विस्तव झपाट्याने जळतही नाही आणि विझतही नाही. काड्यापेटी जपून वापरायच्या काळात रात्री निखारे राखेत झाकून सकाळी त्यावरच चूल पेटवत, ते याच गुणावर. जो गुण घरात सोयीचा, तोच उकिरड्यावर घातक. थंड देशांतल्या अग्निशमन यंत्रणा राखेत विस्तव चार दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो असे बजावतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वारा सुटलेला असतो, उकिरड्याशेजारी कडब्याची गंजी असते, आणि कोंबड्या राख उकरून तळचा निखारा वर आणतात. दिवसभराच्या चुलीतून सुटका करून घेण्याची घाई झालेली बाई राख खताच्या रिकाम्या गोणीत भरते. ती गोणी प्लास्टिकची असल्याने वितळते, आणि आगीतून फुफाट्यात जाण्याचा हा अगदी शब्दशः प्रकार होतो.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा वर दुसरे घमेले उपडे घातलेल्या लोखंडी घमेल्यात काढावी. डबा विटांवर किंवा उघड्या मातीवर ठेवावा, लाकडी ओट्यावर नको, गोठ्याच्या भिंतीला लावून तर नकोच. किमान चार दिवस तो हलवू नये. डबा घरात ठेवायचा नाही, कारण धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि बंद खोलीत त्याने माणूस झोपेतच दगावू शकतो. घाईची गरज असेल तर पाणी ओतावे, पण थोडे थोडे, लांबून आणि डबा मोकळ्या जागेत असताना, कारण एकदम ओतलेल्या पाण्याची वाफ गरम राख तोंडावर उडवते. पाणी लागलेली राख तीव्र अल्कधर्मी असते. तिने हाताची कातडी सोलवटते आणि डोळ्यात गेली तर इजा गंभीर होते. कोरडी राख उपसताना नाकातोंडाला पदर किंवा रुमाल बांधावा, ब्रश हलका फिरवावा आणि फुंकणीने राख उडवू नये. फुंकणी विस्तवासाठी आहे.

‘एवढी काळजी कशाला, राख तर खतच आहे’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत मान्य आक्षेप. तो अर्धाच बरोबर आहे. राखेत पोटॅश, चुना आणि थोडे स्फुरद असते. नत्र नसते, कारण ते जळताना उडून जाते. कोकणातल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत आणि तिथे भाताच्या रोपांसाठी राब जाळण्याची पद्धत पूर्वापार चालत आली. ती राख तिथल्या मातीला मानवते. पारनेरसारख्या पठारी भागात जमीन काळ्या खडकापासून झालेली, बहुधा चुनखडीयुक्त आणि आधीच अल्कधर्मी बाजूची. तिथे दरवर्षी त्याच वाफ्यात राखेचे ढीग घातले तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. तिथे राख पातळ थराने कंपोस्टच्या खड्ड्यात जावी किंवा मोठ्या क्षेत्रात विरळ पसरावी. युरियासोबत किंवा ताज्या शेणखतात ती मिसळू नये, कारण अल्कामुळे अमोनिया वायू होऊन नत्र उडते. बियाण्याच्या मडक्यात राख घालणे, वेलावरच्या माव्यावर ती धुरळणे, भांडी घासणे हे जुने उपयोग आजही ठीक आहेत. अट एवढीच की शेगडी पेटवताना प्लास्टिकची पिशवी, रंगवलेली फळी किंवा पॉलिशचे फर्निचर जाळलेले नसावे. रंगातले जड धातू जळत नाहीत, ते राखेत गोळा होतात.

बायोगॅस असलेल्या गावात आणखी एक पथ्य येते आणि ते क्वचितच सांगितले जाते. राख संयंत्रात घालायच्या शेणकाल्यात टाकू नये आणि संयंत्राला जोडलेल्या शौचालयातही टाकू नये. तिच्यातली वाळू तळाशी बसून संयंत्राची जागा खाते, आणि अल्क वाढला की गॅस तयार करणारे जीवाणू मंदावतात. खड्ड्याच्या साध्या शौचालयात मूठभर राख दुर्गंधी कमी करते. तेच काम इथे नुकसान करते. चारशे घरांच्या गावात प्रत्येक घर महिन्याला दोन किलो राख काढत असेल तर गावाची राख आठशे किलो होते. ती नाल्यात गेली तर पहिल्या पावसाबरोबर बंधाऱ्याच्या गाळात जाते. शहराजवळच्या गावात ती घंटागाडीत जाते, आणि तिथे तिला ना ओल्या कचऱ्याचा डबा ना सुक्याचा. सुक्या कचऱ्यात कागद आणि प्लास्टिक असते, म्हणून गरम राख तिथे जाणे सर्वांत धोक्याचे. पूर्ण थंड झालेली राख वेगळ्या पिशवीत बांधून द्यावी आणि गाडीवाल्याला तसे सांगावे. ग्रामपंचायतीने कंपोस्टच्या खड्ड्याशेजारी विटांचा एक कठडा बांधून तो फक्त राखेसाठी ठेवला, तर घरोघरचे चार दिवसांचे थांबणे बरेच सोपे होईल.